शाळेबद्दल तरी बोलू द्या

प्रिय मैत्रिणीस,


फोनवर तुझा प्रश्न अर्धवट राहिला आणि त्याचं उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखं नव्हतंच, म्हणून हे पत्र. निवडणुकीच्या तोंडावर तुझ्या कॅलिफोर्नियातल्या शाळेत परिपत्रक फिरलं, की शाळेचा ईमेल, शाळेचं झेरॉक्स मशीन, शाळेचा कागद, यांतलं काहीही कुणाच्या प्रचारासाठी वापरायचं नाही. तू ते वाचलंस आणि संध्याकाळी घरी जाऊन अंगणात तुझ्या उमेदवाराची पाटी रोवलीस. शनिवारी दारोदार फिरून पत्रकंही वाटलीस. आणि मग मला विचारलंस, "तुमच्याकडे गं? तुम्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना काय काय चालतं?"

अगं, आमच्याकडे पाटी चालत नाही. अंगणात नाही, गॅलरीत नाही, स्कूटरच्या मागच्या बाजूलाही नाही. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी 1967 चे वर्तणूक नियम आहेत, राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी 1979 चे. राजकारणाच्या बाबतीत दोन्हींचा सूर एकच. राजकीय पक्षाचं सभासद व्हायचं नाही, पक्षाशी संबंध ठेवायचा नाही. राजकीय चळवळीत भाग घ्यायचा नाही, तिला वर्गणी द्यायची नाही, इतर कुठली मदत करायची नाही. विधानसभा असो की स्थानिक संस्था, प्रचार करायचा नाही आणि आपलं वजन कुणाच्या पारड्यात टाकायचं नाही. मत जरूर द्यायचं, पण कुणाला देणार किंवा कुणाला दिलं याचा सुगावा लागू द्यायचा नाही. 1979 च्या नियमांत तर स्पष्टीकरणच दिलंय, की अंगावर, वाहनावर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावलं तर तोही वजन वापरण्याचाच प्रकार धरला जाईल. घरातलं कुणी शासन उलथवू पाहणाऱ्या चळवळीत ओढलं जात असेल तर त्याला आवरायचा प्रयत्न करायचा आणि नाहीच जमलं तर वर कळवायचं, हेही त्यातच आलं.

तुझ्याकडचा कायदा मी त्या रात्री मुद्दाम वाचून काढला. तुमच्या एज्युकेशन कोडमध्ये आधीच सांगून ठेवलंय, की या कलमांत जेवढं लिहिलंय त्यापलीकडे कर्मचाऱ्याच्या राजकीय हालचालींवर बंधन घालता येणार नाही. मग कलम 7054 येतं, की शाळेचा पैसा, माणसं, साहित्य आणि यंत्रं कुठल्या उमेदवाराच्या किंवा मतदानाला टाकलेल्या प्रस्तावाच्या बाजूने अथवा विरोधात वापरायची नाहीत. ते मोडलं तर तुरुंगवासाची तरतूद आहे, म्हणजे झेरॉक्स मशीनचं प्रकरण वाटतं तेवढं साधं नाही हो! त्याच्या पुढच्या कलमाने शाळेच्या वेळेपुरते आणि शाळेच्या आवारापुरते नियम करायचा अधिकार शाळा बोर्डाला दिलाय. बिल्ल्यांचा वाद 1996 मध्ये कोर्टात गेला तेव्हा तिथल्या न्यायालयाने सांगितलं, की शिकवताना शिक्षकाच्या छातीवर प्रचाराचा बिल्ला नको, असं सॅन डिएगोची शाळा म्हणू शकते. मुलं समोर नसतील तिथे मात्र म्हणू शकत नाही. तुमच्या राज्यात शिक्षक शेजारच्या डिस्ट्रिक्टच्या शाळा बोर्डावर निवडूनसुद्धा येऊ शकतो. स्वतःच्याच डिस्ट्रिक्टच्या बोर्डावर निवडून आला तर शपथेआधी नोकरी सोडायची, एवढीच अट.

म्हणजे तुझा कायदा शाळेच्या कुंपणापाशी आणि शाळेच्या घड्याळापाशी थांबतो. आमचा थेट घरात येतो. गेल्या ग्रामपंचायतीला माझी धाकटी जाऊ सदस्यपदाला उभी होती. ग्रामपंचायत म्हणजे पक्षाचं चिन्ह नाही, गावातल्या गावात दोन पॅनेल, त्यातही नातीगोती. पण "स्थानिक संस्था" या शब्दांत तीही बसते. घरात सकाळ-संध्याकाळ बायका जमायच्या, चहाची आधणं चढायची, याद्या वाचल्या जायच्या, कोण पुण्याला गेलंय, कोण मतदानाला येणार, कुणाला गाडी पाठवायची. मी चहा द्यायचे आणि आत निघून जायचे. वाडीत फेरी निघाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तू शिकलेली, तू दोन शब्द बोललीस तर लोक ऐकतील." त्यांचं अगदी बरोबर होतं आणि नेमक्या त्याच कारणासाठी मला बोलता येत नव्हतं.

आता तुला वाटेल, केवढा हा जाच. पण या नियमाची एक बाजू मी नोकरीत शिरल्यावर शिकले, ती तुला सांगायलाच हवी, कारण तू डी.एड.नंतर लगेच परदेशी गेलीस आणि जिल्हा परिषदेचा कारभार आतून बघायची तुझ्यावर वेळ आली नाही.

1 मे 1962 ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्या ताब्यात आल्या. याचा अर्थ असा, की आमचा मालकच निवडून येतो. अध्यक्ष पक्षाचा, शिक्षण सभापती पक्षाचा, गटातला सदस्य पक्षाचा. (2022 मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि नंतर बराच काळ प्रशासक बसले, ती गोष्ट वेगळी.) 2017 मध्ये बदल्या ऑनलाइन झाल्या. त्याआधीच्या काळात बदलीचा अर्ज कुणाच्या हातातून पुढे जायचा हे प्रत्येक शिक्षकाच्या घरी ठाऊक होतं. पती एका टोकाला, पत्नी दुसऱ्या टोकाला, लहान मूल आजीकडे, आणि ते सगळं एका शिफारशीच्या चिठ्ठीवर अवलंबून. अशा माणसाला पुढाऱ्याने नुसतं विचारलं, "गुरुजी, यंदा आपल्याकडे ना?", तरी त्या प्रश्नात धमकी असते. ती बोलून दाखवावी लागत नाही.

आणि गावात गुरुजींकडून हवं असतं तरी काय? सभेत भाषण क्वचितच. जाहीरनाम्याचा मजकूर हवा असतो. पाच वर्षांच्या कामांचा अहवाल शुद्ध मराठीत हवा असतो. "गुरुजी, जरा नजर टाका, काना-मात्रा बघा" असं म्हणत कागद पुढे येतो आणि सकाळपर्यंत सगळा मजकूर गुरुजींनीच लिहिलेला असतो. अशा वेळी माझ्या पहिल्या शाळेतल्या मोठ्या बाई शांतपणे म्हणायच्या, "साहेब, नियमात बसत नाही, नोकरी जाईल." पुढारी कितीही मोठा असला तरी यावर त्याला वाद घालता येत नसे. त्या बाईंनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, की हा नियम पाठ कर, तो तुझ्यासाठीच आहे. आज माझ्या हाताखाली नवीन शिक्षणसेवक येतात त्यांना मीही तेच सांगते. प्रचार करायची बंदी म्हणजे प्रचाराला जुंपलं न जाण्याचा हक्क. ही बाजू मला मनापासून पटते आणि उद्या कुणी ते नियम सरसकट काढून टाका म्हणालं तर मी विरोध करीन.

तुमच्या देशातही याच भीतीतून कायदा झाला ना? 1939 चा हॅच ॲक्ट. सरकारी कामावर लावलेल्या गरजू माणसांना मतांसाठी वेठीला धरलं जातंय, अशी ओरड झाली आणि केंद्राच्या कर्मचाऱ्यांना राजकारणातून बाहेर काढलं. पुढच्याच वर्षी केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या राज्य आणि स्थानिक कर्मचाऱ्यांनाही त्यात ओढलं. पण 1942 मध्ये शिक्षण संस्थांतल्या लोकांना त्यातून वगळलं. हे वाचून मी थबकलेच. मुलांना नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला नागरिक म्हणून जगू द्यावं, एवढा विचार तिथे कुणीतरी केला.

मतदानाच्या दिवशीचं सांगते, कारण आमच्या बंधनाचा सगळ्यात मोठा आधार तिथे आहे. निवडणूक चालवतं कोण? आम्हीच. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 159 व्या कलमाखाली माणसं मागवली जातात आणि यादीत पहिल्यांदा प्राथमिक शिक्षक येतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नका म्हटलं, पण त्याच कलमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक या तिघांना सूट ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये सांगितलंय, की शिक्षकांना हे काम सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर द्या. आमच्यातले जे बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, आहेत त्यांना विचार, मतदार याद्यांचं काम सुट्टी बघून येतं का.

आदल्या दिवशी तालुक्याला जाऊन मशीन, शाई, सील, पाकिटं, नमुने ताब्यात घ्यायचे, एसटीने केंद्रावर जायचं, रात्र तिथेच काढायची. पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घ्यायचं, मशीन कोरं करून दाखवायचं, सील करायचं आणि सातला दार उघडायचं. केंद्राध्यक्ष म्हणून मी बसले की माझ्यासमोर सगळ्या पक्षांचे प्रतिनिधी ओळीने बसलेले असतात. बाहेर एकमेकांची डोकी फोडायला निघालेली माणसं आत माझ्या सहीवर विश्वास ठेवतात. संध्याकाळी 17-सी नमुन्यात मतांचा हिशोब भरून मी त्यांना प्रत देते, तेव्हा आकडा कुणी माझ्या तोंडाकडे बघून तपासत नाही. हा विश्वास आमच्या पिढीने एकट्याने कमावलेला नाही. आणि म्हणून लोकप्रतिनिधित्व कायद्याचं 129 वं कलम, निवडणुकीच्या कामावर असलेल्याने स्वतःचं मत देण्यापलीकडे कुणाच्याही विजयासाठी काही केलं तर 6 महिन्यांपर्यंत कैद, ते मला कठोर वाटत नाही. सरकारी सेवेतला माणूस मतदान प्रतिनिधी किंवा मतमोजणी प्रतिनिधी म्हणून बसला तर 134-अ खाली 3 महिन्यांपर्यंतची शिक्षा आहे. तीही योग्यच. तुला आठवतं, इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक 1975 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने रद्द केली, त्यातला एक मुद्दा यशपाल कपूर यांचा होता. सरकारी नोकरीत असतानाच त्यांनी प्रचाराचं काम केलं, असा ठपका आला. पंतप्रधानांचं पद जिथे यावरून हललं, तिथे सरकारी माणसाचं तटस्थ राहणं ही किरकोळ बाब नव्हे.

इथपर्यंत मी नियमाच्या बाजूने आहे. वर्गातही. माझ्या चौथीच्या वर्गात मी कुठल्याही पक्षाबद्दल चांगलं किंवा वाईट बोलत नाही. नऊ वर्षांचं मूल बाईंचं वाक्य घरी जसंच्या तसं सांगतं, "आमच्या बाई म्हणाल्या" असं सुरू करून. त्या घरात बापाचा पक्ष वेगळा असला तर त्या मुलाने काय करायचं? तुमच्या इंडियानातल्या डेबोरा मेयर यांचं प्रकरण तूच मला सांगितलंस. इराक युद्धाच्या आधी, 2003 मध्ये, वर्गात वर्तमानपत्राचा पाठ चालू असताना एका मुलाने विचारलं, तुम्ही मोर्च्यात जाता का. त्या म्हणाल्या, शांततेचा फलक दिसला की मी गाडीचा हॉर्न वाजवते. पुढे त्यांचा करार वाढवला गेला नाही आणि 2007 मध्ये अपील न्यायालयानेही शाळेचीच बाजू घेतली, की वर्गातलं बोलणं हेच शिक्षकाचं काम, त्यावर शाळेचा ताबा असणार. शिक्षा फारच जबर झाली असं माझं मत आहे. मुलाच्या थेट प्रश्नाला दिलेलं ते एका ओळीचं उत्तर होतं. पण वर्ग ही माझ्या मतांची जागा नाही, हे मूळ तत्त्व मला मान्य आहे.

माझं भांडण पुढे सुरू होतं.

आमच्या केंद्रशाळेच्या हद्दीत एका वाडीवरची शाळा आहे, पट वीसच्या आत. ओढा ओलांडून यायचं, पावसाळ्यात तो भरतो. राज्यात अशा 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा 2023 मध्ये 14 हजारांहून जास्त होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांच्या जागी समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले गेले. कागदावर ते वाईट दिसत नाही. मोठी शाळा, जास्त शिक्षक, मैदान, प्रयोगशाळा, मुलांना यायला गाडी. पण त्या वाडीवरून गाडी कुठून जाणार, तिसरीतली मुलगी पावसात कशी येणार, तिचा बाप तिला पाठवेल की घरीच ठेवील, हे कोण सांगणार? ज्याने त्या मुलीला हाताला धरून ओढा पार करून दिलाय तो शिक्षकच ना? आणि त्यालाच बोलायची बंदी. कारण वर्तणूक नियमांत राजकारणाच्या बंदीच्या जोडीला आणखी एक बंदी आहे, शासनाच्या धोरणावर वर्तमानपत्रात किंवा जाहीरपणे प्रतिकूल टीका करायची नाही. त्या शाळेवरच्या सरांनी गावकऱ्यांच्या निवेदनाचा मसुदा लिहून दिला, तर कुणीतरी त्याचा फोटो काढून वर पाठवला. आठवड्याच्या आत कारणे दाखवा नोटीस, "राजकीय स्वरूपाच्या हालचालींत सहभाग" म्हणून. निवेदनात पक्षाचं नाव नव्हतं, पुढाऱ्याचं नाव नव्हतं. ओढ्याची रुंदी होती, मुलांची संख्या होती आणि अंतर होतं.

तेव्हापासून मला तुमच्या मार्विन पिकरिंग यांची गोष्ट कुणालाही सांगितल्याशिवाय राहवत नाही. इलिनॉय राज्यातल्या लॉकपोर्ट गावचे ते हायस्कूल शिक्षक. तिथे शाळेला इमारत बांधायची किंवा कर वाढवायचा तर लोकांचं मत घ्यावं लागतं. 1961 मध्ये बोर्डाने दोनदा कर्जरोख्यांचा प्रस्ताव लोकांपुढे ठेवला, दुसऱ्यांदा 55 लाख डॉलरचा मंजूर झाला, शाळा बांधल्या गेल्या. 1964 मध्ये करवाढीचे प्रस्ताव दोनदा पडले. त्यानंतर पिकरिंग यांनी स्थानिक वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. बोर्ड खेळांवर किती पैसा घालतंय, शिकवण्यावर किती, आणि प्रस्तावाच्या विरोधात बोलू नये म्हणून शिक्षकांवर वरिष्ठ कसा दबाव आणतात, असं त्यात होतं. बोर्डाने त्यांना काढून टाकलं. कारण काय, तर पत्रातली काही विधानं चुकीची आहेत आणि शाळेच्या कारभाराला बाधक आहेत. राज्यातली कोर्टं बोर्डाच्या बाजूने गेली. 3 जून 1968 ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. निकाल लिहिला थर्गूड मार्शल यांनी, त्या न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती, आणि शिक्षिकेचा मुलगा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शाळेचा पैसा कसा खर्च व्हावा याबद्दल गावात सगळ्यात जाणतं मत शिक्षकांचं असण्याची शक्यता असते, तेव्हा सूडाच्या भीतीशिवाय त्यांना ते मांडता आलं पाहिजे. आकडे थोडे चुकले असतील, पण जाणूनबुजून खोटं बोलल्याशिवाय एवढ्यावरून नोकरी घेता येणार नाही.

बघ, यात पक्ष कुठे आला? उमेदवार कुठे आला? मालकही निवडून आलेला, प्रश्नही मतदानाला टाकलेला, तरी न्यायालयाने त्याला शाळेचा प्रश्न म्हणून पाहिलं. आमच्या वाडीवरच्या सरांना नेमकं हेच हवंय.

दुसरी गोष्ट सेप्टिमा क्लार्क यांची. ती वाचल्यापासून मला नियमाची भीतीही वाटायला लागलीय. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनच्या या शिक्षिका, 1898 चा जन्म. 1956 मध्ये त्या राज्याने कायदा केला, की एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचा सभासद सरकारी नोकरीत राहू शकत नाही.  क्लार्कबाईंनी सभासदत्व लपवलं नाही. जवळजवळ 40 वर्षं शिकवल्यावर नोकरी गेली, पेन्शनही गेलं. त्या काळी तिथे मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर वाचता-लिहिता येतं हे सिद्ध करावं लागायचं आणि त्या चाळणीतून काळ्या माणसांना अडवलं जायचं. मग बाईंनी जॉन्स आयलंडवर प्रौढांचे वर्ग उभे केले, 1957 च्या जानेवारीत पहिला. शिकवायला त्यांनी शिक्षिका घेतली नाही, केशरचना करणाऱ्या बर्निस रॉबिन्सन यांना घेतलं. सही कशी करायची, अर्ज कसा भरायचा, मनीऑर्डर कशी लिहायची. हे वर्ग पुढे दक्षिणेत सगळीकडे पसरले आणि हजारो लोक मतदार झाले. ज्या गावाने त्यांना काढलं त्याच चार्ल्स्टनच्या शाळा बोर्डावर त्या 1975 मध्ये निवडून आल्या, आणि 1976 मध्ये त्यांचं पेन्शन परत मिळालं.

त्यांचं आयुष्य वाचताना मला आपले साने गुरुजी आठवत होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधली सहा वर्षांची नोकरी 1930 मध्ये सोडून ते सत्याग्रहात उतरले. पण त्यांनी स्वतःहून सोडली. क्लार्कबाईंकडून ती काढून घेतली, कायद्याच्या आधाराने. राजकारण म्हणजे काय हे ठरवायचा अधिकार सत्तेवर बसलेल्याकडे गेला की ही वेळ येते. वर्णद्वेषाला विरोध राजकारण ठरतो, पण वर्णद्वेष पाळणं मात्र कारभार राहतो. वाडीची शाळा बंद करायचा प्रस्ताव प्रशासकीय, आणि ती बंद करू नका म्हणणं राजकीय? हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

आपल्या न्यायालयांनी अगदीच पाठ फिरवलेली नाही. बिहारच्या कामेश्वर प्रसाद यांच्या प्रकरणात 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की सरकारी नोकरीत शिरला म्हणून माणूस मूलभूत हक्क गमावत नाही, त्याच्या शांततामय निदर्शनांवर सरसकट बंदी घालता येणार नाही. संपाचा हक्क मात्र त्यात धरला नाही. अलीकडे, 2020 च्या जानेवारीत, त्रिपुरा उच्च न्यायालयाचा निकाल आला. मत्स्य खात्यातल्या एका कर्मचारी बाईंना निवृत्ती चार-पाच दिवसांवर आलेली असताना निलंबित केलं होतं, राजकीय सभेला गेल्या आणि फेसबुकवर लिहिलं म्हणून. न्यायालय म्हणालं, सभेला हजर असणं आणि सभेत भाग घेणं यांत फरक आहे, ऐकायला तर सगळेच जातात. निकाल त्रिपुरातला, महाराष्ट्राला बांधील नाही, पण आमच्या संघटनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो अजून फिरतो. आणि दुसरीकडे 2025 च्या जुलैमध्ये आपल्या राज्याने समाजमाध्यमांबद्दल वेगळा शासन निर्णय काढला, त्यातही धोरणांवर प्रतिकूल टीका करू नये हे आहेच, आणि तो जिल्हा परिषदांसारख्या स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांनाही लागू. तेव्हापासून शिक्षकांच्या ग्रुपवर सुविचार वाढलेत आणि शाळेच्या अडचणींच्या पोस्ट आटल्यात.

एक आणखी गोष्ट, जी तुला नक्की माहीत नसेल. आपल्या विधान परिषदेत 78 जागांपैकी 7 शिक्षक मतदारसंघाच्या. घटनेच्या 171 व्या कलमानेच शिक्षकांना आपला आमदार दिलाय. किती मोठा मान! पण त्या कलमात लिहिलंय, माध्यमिकपेक्षा खालच्या दर्जाच्या नसलेल्या संस्थांतले शिक्षक. म्हणजे आठवी ते दहावी शिकवणाऱ्या माध्यमिकच्या मॅडमला मत, आणि पहिली ते चौथी शिकवणाऱ्या मला नाही. पदवी असेल तर पदवीधर मतदारसंघात नाव घाला, म्हणतात. घातलंय मी. पण मी शिक्षक आहे ही ओळख तिथे कुणी विचारत नाही. ज्या शिक्षकाला सगळ्यात जास्त बंधनं, त्यालाच सभागृहात आवाज नाही. उमेदवाराने शिक्षक असलंच पाहिजे असंही नाही बरं का, 30 वर्षांचा कुणीही राज्यातला मतदार उभा राहू शकतो. अनुदानित खाजगी हायस्कूलच्या शिक्षकांना राजकारणात आमच्यापेक्षा कितीतरी मोकळीक असते. कित्येक तालुक्यांत तेच पुढारी झालेत. एकाच गावात दोन शाळा, रस्त्याच्या या बाजूचे सर तालुक्याच्या राजकारणात, त्या बाजूच्या बाई स्वतःच्या जावेसाठीसुद्धा दोन शब्द बोलू शकत नाहीत.

मला विचारशील तर मी रेष अशी ओढीन. वर्गात पक्षाचं नाव नको. निवडणुकीच्या कामावर असताना काहीच नको. शाळेची भिंत, शाळेचा फळा, शाळेचा गणवेश घातलेली मुलं कुणाच्याही प्रचारात नकोत, मग तो सत्तेतल्या पक्षाचा का असेना. ढोल-लेझीम घेऊन मुलांना पाहुण्यांच्या स्वागताला उभं करतात, तेही बंद करा. पण आपल्या शाळेची खोली गळते, पटाचा निकष डोंगराला लागू पडत नाही, पोषण आहाराचा तांदूळ वेळेवर आला नाही, हे शिक्षकाने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या वेळेत लिहिलं, ग्रामसभेत उभं राहून सांगितलं, तर ते राजकारण धरू नका. नियमांत तसं एक वाक्य घाला. एकच वाक्य पुरेल.

ते वाक्य कसं लिहायचं यावर आमच्या संघटनेच्या तालुका शाखेची पुढच्या महिन्यात बैठक आहे. वाडीवरच्या सरांच्या नोटिशीचं उत्तर तयार झालंय, मी वाचून दिलं, त्यात कुठेही आवाज चढवलेला नाही. आता तुझ्याकडे एक काम. तुमच्या डिस्ट्रिक्टच्या धोरणात शिक्षकाने खाजगी नागरिक म्हणून बोलण्याबद्दल जो परिच्छेद आहे म्हणालीस, तो मला जसाच्या तसा पाठव. इंग्रजी असला तरी चालेल, मराठी मी करीन. आणि तुमच्या बोर्डाच्या बैठकीत लोकांना बोलायला वेळ देतात तेव्हा तिथलेच शिक्षक उठून बोलतात का, त्यांना कोणी नंतर काही म्हणतं का, तेही खरं खरं लिही. ओढ्याला पाणी यायच्या आत मला ते हवंय, कारण तोपर्यंत प्रस्तावावर सही झालेली असेल किंवा नसेल.

घरी सगळ्यांना माझा नमस्कार सांग, मुलांना गोड पापा.

तुझीच,
मैत्रीण